खात्याच्या तोफा आणि खात्याचा माणूस: कॅप्टन जॉन लीच

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलच्या गर्दीत इअरफोन काढून ठेवावे लागतात, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा मजकूर. बोलताना जी आडवळणं घेतली ती तशीच राहू दिली आहेत.

बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. यूट्यूबवर तिच्यावर ढिगाने व्हिडिओ आहेत आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ खेळणाऱ्यांनी तर ती स्वतः चालवलीही असेल. त्या गोष्टीत नेहमी दोन नावं मोठ्या अक्षरात येतात. एक बिस्मार्क आणि दुसरं तिने बुडवलेलं ब्रिटिश जहाज हूड. पण त्या सकाळी तिथे आणखी एक ब्रिटिश युद्धनौका होती, प्रिन्स ऑफ वेल्स. हूड बुडाल्यावर ती लढाई सोडून मागे वळली. त्या वळण्यावरून तिच्या कप्तानावर कोर्ट मार्शल करायची भाषा झाली. त्या कप्तानाचं नाव जॉन कॅटरॉल लीच.

मला या माणसात रस वाटला तो एका विचित्र योगायोगामुळे. लीच हे गनरी ऑफिसर, म्हणजे तोफांचे तज्ज्ञ. प्रिन्स ऑफ वेल्सवर येण्याआधी, १९३९ ते १९४१ या काळात, ते ब्रिटिश नौदलाच्या तोफखाना खात्याचे संचालक होते. नौदलाच्या सगळ्या तोफा, त्यांचे बुरुज, गोळे, दारूगोळ्याची यंत्रणा याची जबाबदारी ज्या टेबलावर येते, त्या टेबलामागे बसणारा माणूस. आणि जेव्हा वेळ आली तेव्हा त्यांच्याच जहाजाच्या तोफा अडकल्या.

आता गेममध्ये कसं असतं, बटण दाबलं की दहाच्या दहा तोफा धडाडतात. खऱ्या जहाजावर त्या का अडकतात हे समजल्याशिवाय लीच यांचा निर्णय समजत नाही. म्हणून आधी थोडं मागे जाऊ या.

लीच यांचा जन्म १ सप्टेंबर १८९४ चा. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे मिसरूड फुटायच्या आधीच नौदलाच्या शाळेत भरती. ऑस्बर्न आणि मग डार्टमथ. पुढे अधिकारी झाल्यावर कोणतीतरी एक शाखा निवडायची असते. कुणी नकाशे-दिशा घेतो, कुणी पाणतीर, कुणी सिग्नल. लीच यांनी तोफा घेतल्या. त्या वेळी ब्रिटिश नौदलात तोफखान्याला मोठा मान होता. पोर्ट्समथजवळच्या व्हेल आयलंड नावाच्या बेटावर गनरीची शाळा होती. तिथली कवायत म्हणजे जिवावरचं काम, अशी तिची ख्याती. पण तिथे कवायतीबरोबर भरपूर गणितही असायचं. तुमचं जहाज हलतंय, समोरचं जहाज हलतंय, गोळा हवेत पाऊण मिनिट असणार आहे, वारा वाहतोय, आणि या सगळ्याचा हिशोब करून वीस किलोमीटरवरच्या माणसाला मारायचं. आजच्यासारखे कॉम्प्युटर नाहीत. दातेरी चाकांची यंत्रं होती आणि ती चालवणारी माणसं होती.

३१ मे १९१६ ला जटलंडची लढाई झाली. लीच तेव्हा एकवीस वर्षांचे होते. पहिल्या महायुद्धातली ही सगळ्यात मोठी आरमारी लढाई, ब्रिटन विरुद्ध जर्मनी. एका दुपारी इनडिफॅटिगेबल, क्वीन मेरी आणि इन्व्हिन्सिबल ही तीन मोठी ब्रिटिश जहाजं अक्षरशः फुटली. बुडाली असं म्हणत नाही, फुटली असंच म्हणतो. तीन जहाजांवर मिळून तीन हजारांहून जास्त माणसं होती, त्यातली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी वाचली. शत्रूचा गोळा वर कुठेतरी लागतो, आग पेटते, ती आग तोफेच्या नळकांड्यातून खाली दारूच्या कोठारात उतरते आणि सगळं संपतं. त्यात ब्रिटिशांनी वेगाने गोळे मारता यावेत म्हणून मधली दारं उघडी ठेवली होती, दारूच्या पिशव्या वाटेत रचून ठेवल्या होत्या. घाईची किंमत.

या दुपारीची धास्ती ब्रिटिश तोफखान्याच्या हाडात शिरली. पुढच्या वीस वर्षांत जे नवीन बुरुज तयार झाले, त्यात एकच विचार सगळ्यात वर होता. ज्वाळा खाली जाता कामा नये.

आता प्रिन्स ऑफ वेल्सच्या तोफांकडे येऊ. हे जहाज बर्कनहेडला बांधलं, १ जानेवारी १९३७ ला काम सुरू झालं. तहांचा काळ होता. मोठ्या देशांनी आपापसात ठरवलं होतं की युद्धनौका ३५,००० टनांच्या वर जायची नाही, आणि १९३६ च्या लंडन तहात तोफेचा व्यास १४ इंचांवर आणायचं ठरलं. ब्रिटनने तो शब्द पाळला, बाकीच्यांनी पुढे मोठ्या तोफा बसवल्या. लहान तोफ घ्यायची तर ती संख्येने जास्त हवी, म्हणून एका बुरुजात चार तोफा अशी योजना केली. चार-चारचे तीन बुरुज, एकूण बारा. मग वजन जास्त होतंय म्हणून एक बुरुज दोनचा केला. एकूण दहा तोफा. पुढे चार आणि दोन, मागे चार.

एका गोळ्याचं वजन सुमारे ७२० किलो. जुनी मारुती ८०० आठवते? तिच्यापेक्षा जड. असे गोळे खालून वर आणून, मागे दारूच्या पिशव्या भरून, अर्ध्या मिनिटाच्या आसपास पुन्हा तयार व्हायचं. चारही तोफांना, एकाच बुरुजात.

आणि इथेच गोम आहे. वरून आपल्याला दिसतो तो बुरुज म्हणजे फक्त डोकं. त्याच्या खाली काही मजले खोल गोळ्यांचं आणि दारूचं कोठार. बुरुज फिरतो, कोठार फिरत नाही. मग न फिरणाऱ्या जागेतून फिरणाऱ्या जागेत मारुतीएवढा गोळा द्यायचा कसा? त्यासाठी मधे एक मोठं गोल कडं बसवलं होतं. ते कधी जहाजाशी जोडून स्थिर करायचं आणि त्यावर गोळे ठेवायचे, मग सोडवून बुरुजाबरोबर फिरवायचं आणि गोळे वर पाठवायचे. जत्रेतल्या चालत्या चक्रीवर सामान चढवण्यासारखं. त्यात भर म्हणून जटलंडची धास्ती: प्रत्येक टप्प्यावर कुलूप. आधीचं दार पूर्ण बंद झाल्याशिवाय पुढचा दांडा हलायचा नाही. जुन्या इमारतीतली जाळीच्या दाराची लिफ्ट बघितली असेल तुम्ही. दार बोटभर उघडं राहिलं तर कितीही बटणं दाबा, ती हलत नाही. आता तसली डझनावारी दारं कल्पा, उधाणलेल्या समुद्रात, नव्या कोऱ्या यंत्रात, जिथे भागांमधली फट केसभर कमी पडली तरी सगळं अडतं.

हे आराखडे लीच यांनी काढलेले नव्हते. ते तिशीच्या दशकाच्या मध्यावर ठरले होते, लीच खात्यात आले तेव्हा पोलाद ओतून झालं होतं. पण आपल्या तोफा कुठे दुखतात हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणत्या कप्तानाला माहीत असणार? मला वाटतं हीच या सगळ्या गोष्टीची किल्ली आहे, आणि बिस्मार्कच्या व्हिडिओंत ती कुणी सांगत नाही.

जहाज १९४१ च्या सुरुवातीला नौदलात आलं. त्याआधी बांधणी चालू असतानाच जर्मन बाँबफेकीत त्याला मार बसला होता. लढाईसाठी तयार म्हणून ताफ्यात रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. तोफा बनवणाऱ्या विकर्स-आर्मस्ट्राँग कंपनीचे कामगार अजून जहाजावरच होते, साधे नागरिक, पाने-हातोडे घेऊन. आणि मे महिन्यात बातमी आली की बिस्मार्क उत्तरेच्या बाजूने अटलांटिकमध्ये उतरते आहे. प्रिन्स ऑफ वेल्स त्या कामगारांसकट निघाली. ती माणसं लढाईत होती. हा तपशील वाचला तेव्हा मी थोडा वेळ थांबलो होतो. कारखान्यातून दुरुस्तीला आलेला माणूस, आणि समोर बिस्मार्क.

२४ मे १९४१. ग्रीनलंड आणि आइसलंडच्या मधली डेन्मार्कची सामुद्रधुनी. पुढे हूड, मागे प्रिन्स ऑफ वेल्स. सकाळी ५ वाजून ५२ मिनिटांनी हूडने पहिली फैर झाडली, मिनिटभराने प्रिन्स ऑफ वेल्सने. ब्रिटिश जहाजं शत्रूच्या दिशेने तिरकी धावत होती, त्यामुळे मागचा चार तोफांचा बुरुज सुरुवातीला निशाण्यावर येतच नव्हता. म्हणजे दहापैकी सहा तोफा. पहिल्या फैरीनंतर त्यातलीही एक बंद पडली. तरीसुद्धा सहाव्या फैरीला प्रिन्स ऑफ वेल्सचा गोळा बिस्मार्कला लागला.

साधारण सहा वाजता हूड फुटली. जटलंडसारखीच. दारूकोठार. १,४१८ माणसं, वाचली तीन. प्रिन्स ऑफ वेल्स तिच्या मागोमाग येत होती, तिला सुकाणू फिरवून त्या अवशेषांना चुकवून जावं लागलं.

काय उलटी गंमत आहे पाहा. हूडचा आराखडा जटलंडच्या आसपासचा, ती कोठार पेटून गेली. प्रिन्स ऑफ वेल्समध्ये कोठार पेटू नये म्हणून सगळी कुलपं घातली होती, तर तिच्या तोफा त्या कुलपांनी अडवल्या. एका जहाजाने जुन्या दुखण्याची किंमत भरली आणि दुसऱ्याने त्यावरच्या औषधाची.

आता बिस्मार्क आणि तिच्याबरोबरची प्रिन्स ऑयगन, दोघींचे गोळे एकट्या प्रिन्स ऑफ वेल्सवर येऊ लागले. बिस्मार्कचा एक पंधरा इंची गोळा थेट ब्रिजमधून, म्हणजे कप्तान जिथे उभा असतो त्या जागेतून आरपार गेला. पूर्ण फुटला असता तर तिथे काहीच उरलं नसतं. तरी तिथली जवळपास सगळी माणसं मेली किंवा जखमी झाली. लीच आणि त्यांचा सिग्नलचा प्रमुख, हे दोघं उभे राहिले. खालच्या खोलीत नकाशावर काम करणाऱ्यांच्या टेबलावर बोलण्याच्या नळीतून रक्त टपकायला लागलं.

लीच यांनी जहाज वळवलं. धुराचा पडदा सोडून ते मागे फिरले. आणि ते वळण घेतानाच, जहाज कलल्यावर, मागच्या बुरुजातला एक गोळा आपल्या खोबणीतून घसरला आणि ते गोल कडं जागीच अडकलं. चार तोफा एका झटक्यात मुक्या. तोवर मुख्य यंत्रणेखाली १८ फैरी झाल्या होत्या. त्यात ७४ गोळे सुटायला हवे होते, सुटले ५५. जहाजाला सात गोळे लागले होते, १३ माणसं गेली होती. एक गोळा तर न फुटता जहाजाच्या पोटात राहिला, तो पुढे गोदीत सापडला.

एक आडवळण घेतोच. या जहाजावर एस्मंड नाइट नावाचा नट होता, युद्धासाठी नौदलात आलेला. त्या सकाळी त्याची दृष्टी गेली. पुढे एका डोळ्याने थोडं दिसायला लागलं, तो पुन्हा अभिनयाकडे वळला. १९६० मध्ये ‘सिंक द बिस्मार्क’ हा सिनेमा आला, त्यात प्रिन्स ऑफ वेल्सच्या कप्तानाची भूमिका याच एस्मंड नाइटने केली. ज्या कप्तानाच्या हाताखाली डोळे गमावले, त्याचाच पोशाख घालून त्याच लढाईचा सीन दिला. मी तो सिनेमा पाहताना गोष्टीकडे कमी आणि त्याच्याकडेच जास्त बघत होतो.

बरं. तर प्रश्न हा की लीच पळाले का?

नौदलप्रमुख डडली पाउंड यांना तसं वाटलं. हूड गेली, चौदाशे माणसं गेली आणि दुसरं जहाज सोडून आलं? लीच आणि त्या वेळी तिथली सूत्रं हाती घेतलेले रिअर ॲडमिरल वेक-वॉकर, दोघांवर कोर्ट मार्शल व्हावं असा त्यांचा आग्रह होता. त्यांना आडवे आले ताफ्याचे सरसेनापती जॉन टोवी. टोवींनी युद्धानंतर सांगितलं त्याप्रमाणे, खटला झाला तर मी पदाचा राजीनामा देऊन आरोपींच्या बाजूने उभा राहीन, असं त्यांनी बजावलं. खटला झाला नाही. उलट लीच यांना त्या लढाईसाठी डीएसओ हे पदक मिळालं.

मी टोवींच्या बाजूचा आहे, आणि कारण सांगतो. शूर कप्तान कसा असतो याची एक फिल्मी कल्पना आपल्या डोक्यात असते. हूड गेल्यावर दात-ओठ खाऊन पुढे घुसणारा. लीच यांच्या जागी तोफांतलं काही न कळणारा कप्तान असता तर कदाचित तो घुसलाही असता, कारण कागदावर त्याच्याकडे दहा तोफा होत्या. लीच यांच्याकडे कागदावरच्या दहा तोफा नव्हत्या. कुठल्या बुरुजात काय दुखतंय, ते किती मिनिटांत सुटेल आणि किती मिनिटांत पुन्हा अडेल, हे त्यांना आतून कळत होतं. आणि जहाज राखलं म्हणूनच बिस्मार्कचा पाठलाग पुढे चालू ठेवता आला.

दुसरं असं की अडलेल्या तोफांतूनही त्यांनी जे साधायचं ते साधलं होतं. बिस्मार्कला तीन गोळे लागले. एक तिच्या नाकात घुसला. समुद्राचं पाणी आत आलं आणि पुढच्या टाक्यांतलं सुमारे हजार टन इंधन तिला वापरता येईना. मागे तेलाचा माग सुटला. अटलांटिकमध्ये व्यापारी जहाजांची शिकार करायची मोहीम तिला तिथेच सोडावी लागली, फ्रान्सच्या बंदराकडे निघावं लागलं. त्या वाटेवर विमानांनी तिच्या सुकाणूवर पाणतीर मारला आणि २७ मे रोजी ती बुडाली. बिस्मार्क कुणी बुडवली यावर लोक अजून वाद घालतात. पण तिला घराकडे वळवलं ते लीच यांच्या गोळ्याने, हे मला तरी सरळ दिसतं.

दुरुस्तीनंतर ऑगस्टमध्ये या जहाजाने एक वेगळाच पाहुणा नेला. विन्स्टन चर्चिल. न्यूफाउंडलंडच्या प्लॅसेन्शिया खाडीत त्यांची रूझवेल्ट यांच्याशी भेट झाली. रविवारी, १० ऑगस्टला, प्रिन्स ऑफ वेल्सच्या डेकवर दोन्ही देशांच्या खलाशांनी एकत्र प्रार्थना केली. त्या भेटीतून अटलांटिक सनद निघाली, प्रत्येक जनतेला आपलं सरकार निवडण्याचा हक्क आहे असं सांगणारी. आपल्याकडे लोकांनी कान टवकारले. सप्टेंबरमध्ये चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये सांगून टाकलं की हे काही हिंदुस्थानला लागू नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये मुंबईत गवालिया टँकवर काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. हे सगळं लीच यांच्याशी जोडलेलं नाही, पण त्या डेकशी आहे, म्हणून सांगितलं.

मग जहाजाला पूर्वेकडे धाडलं. जपान हालचाल करणार असं दिसत होतं, आणि चर्चिल यांना वाटत होतं की सिंगापूरला एक झकास युद्धनौका दिसली तर जपानी बिचकतील. सोबत जुनी बॅटलक्रूझर रिपल्स. विमानवाहू जहाज इंडॉमिटेबलही जाणार होतं, पण ते वेस्ट इंडीजमध्ये उथळ तळाला घासलं आणि दुरुस्तीला गेलं. प्रिन्स ऑफ वेल्स केपटाउन, कोलंबो करत २ डिसेंबर १९४१ ला सिंगापूरला पोचली. ॲडमिरल टॉम फिलिप्स ताफ्याचे प्रमुख, लीच जहाजाचे कप्तान.

सिंगापूरला लीच यांना त्यांचा मुलगा भेटला. हेन्री, नुकताच अठरा पूर्ण केलेला, नौदलात मिडशिपमन. खरं तर त्याची नेमणूक प्रिन्स ऑफ वेल्सवरच झाली होती. पण बाप कप्तान असलेल्या जहाजावर मुलगा नको, म्हणून त्याला मॉरिशस नावाच्या क्रूझरवर पाठवलं, आणि ती क्रूझर दुरुस्तीसाठी सिंगापुरातच होती. दोघं एकत्र जेवले, तळावरच्या तलावात पोहले. समोर केवढं संकट आहे याची तुला कल्पना नाही, अशा अर्थाचं बाप मुलाला बोलला. हेन्रीने ते म्हातारपणी लिहून ठेवलं आहे.

८ डिसेंबरला जपानी फौजा मलायाच्या किनाऱ्यावर उतरल्या. कोटा भारूच्या वाळूत त्यांना पहिलं तोंड दिलं ते आपल्याच डोग्रा रेजिमेंटच्या जवानांनी. त्याच संध्याकाळी ताफा निघाला, दोन मोठी जहाजं आणि चार विनाशिका. वर स्वतःची विमानं नाहीत. ९ तारखेला जपान्यांनी त्यांना पाहिलं. १० तारखेला सकाळी अकराच्या सुमारास, कुआंतानच्या समोर, इंडोचायनातून उडालेली विमानं आली, सगळी मिळून ऐंशीहून जास्त.

आणि पुन्हा तोफांचीच गोष्ट. या वेळी विमानविरोधी तोफा. उष्ण, दमट हवेत रडार यंत्रं बिघडली होती. ‘पॉम-पॉम’ नावाच्या तोफांत गोळा आणि काडतूस वेगळं होऊन त्या वारंवार अडकत होत्या. आणि ११ वाजून ४४ मिनिटांच्या सुमारास डाव्या बाजूला, मागच्या भागात पाणतीर लागला. पंख्याचा शाफ्ट वाकला, तो फिरतच राहिला आणि फिरताना त्याने जहाजाचं पोट आतून फाडलं. पाणी भरलं. वीज गेली. वीज गेली म्हणजे बुरुज फिरवणारे पंप गेले. ज्या माणसाने सगळं आयुष्य तोफांना दिलं, त्याच्या हातात दीड तासापेक्षा जास्त वेळ एक कललेलं, जवळजवळ नि:शस्त्र जहाज होतं.

रिपल्स साडेबाराच्या सुमारास बुडाली. प्रिन्स ऑफ वेल्सच्या बाजूला एक्सप्रेस ही विनाशिका येऊन चिकटली आणि माणसं तिच्यावर उतरू लागली. वाचलेल्यांनी सांगितलं की लीच शेवटपर्यंत डेकवर होते, माणसांना धीर देत, निरोप देत. दुपारी १ वाजून २० मिनिटांच्या आसपास जहाज उलटलं. दोन्ही जहाजांवरची ८४० माणसं गेली, त्यात प्रिन्स ऑफ वेल्सची ३२७. लीच आणि फिलिप्स त्यांच्यातच. लीच ४७ वर्षांचे होते. सिंगापूरहून मागवलेली लढाऊ विमानं पोचली तेव्हा खाली तेलात पोहणारी माणसं होती.

हेन्री त्या दिवशी सिंगापूरच्या तळावर होता. वाचलेल्यांना घेऊन विनाशिका आल्या तेव्हा तो धक्क्यावर जाऊन प्रत्येक चेहरा पाहत फिरला.

आता ऐका. दोन वर्षांनी, २६ डिसेंबर १९४३. नॉर्वेच्या उत्तरेला, ध्रुवीय रात्रीत, ड्यूक ऑफ यॉर्क ही ब्रिटिश युद्धनौका शार्नहॉर्स्ट या जर्मन जहाजाशी लढत होती. ड्यूक ऑफ यॉर्क म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्सची सख्खी बहीण. तोच आराखडा, त्याच चौदा इंची तोफा, तेच गोल कडं, तीच कुलपं. आणि तिच्या पुढच्या चार तोफांच्या बुरुजाचा प्रमुख होता हेन्री लीच, वय वीस. दुखणी तेव्हाही पूर्ण गेली नव्हती, त्या रात्रीही काही तोफा अधूनमधून अडल्याच. पण अडीच वर्षांत फटी रुंद झाल्या होत्या, कवायत पक्की झाली होती, आणि फैरींमागून फैरी जात राहिल्या. शार्नहॉर्स्ट बुडाली. तिच्यावरच्या जवळपास दोन हजार माणसांपैकी ३६ वाचली. दुसऱ्या बाजूलाही कुणाचे तरी वडील होतेच.

हेन्रीनेही पुढे गनरीच घेतली. १९८२ मध्ये अर्जेंटिना फॉकलंड बेटं घेणार अशी खबर आली, तेव्हा ते ब्रिटिश नौदलाचे प्रमुख होते. ३१ मार्चच्या संध्याकाळी गणवेशातच पार्लमेंटमध्ये गेले आणि मार्गारेट थॅचर यांना सांगितलं की ताफा पाठवता येईल आणि पाठवायला हवा. त्या ताफ्याबरोबर विमानवाहू जहाजं गेली. यात मी माझ्या मनाने काही जोडत नाही, तुम्ही काय ते समजा.

प्रिन्स ऑफ वेल्स अजून तिथेच आहे, मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यासमोर, सुमारे ६८ मीटर खोल, उलटी. तिची घंटा २००२ मध्ये परवानगीने वर काढली. बाकी जागा म्हणजे थडगं, हात लावायचा नाही. पण युद्धाआधीचं पोलाद, पितळेचे पंखे, यांना भंगारात भाव आहे. मे २०२३ मध्ये मलेशियाच्या तटरक्षकांनी एक चिनी ड्रेजर पकडला. त्यावर गंजलेलं लोखंड होतं आणि जुने तोफगोळे. ते याच दोन जहाजांतले असावेत असा संशय होता. म्हणजे लीच यांच्या खात्याने बनवून घेतलेले, त्यांच्या जहाजावर चढवलेले आणि कधीच न उडालेले गोळे, ऐंशी वर्षांनी कुणीतरी किलोवर विकायला काढले होते.

आजच्या भागापुरतं एवढंच. पुढच्या भागात समुद्र सोडून जमिनीवर येऊ. तोवर नमस्कार.